लोकशाही जास्त झाली की कमी पडली?

रनिंग रूममध्ये, सॉर्टिंगच्या टेबलाशी, पोस्टाच्या मागच्या चहाच्या टपरीवर हल्ली एक वाक्य वारंवार कानी पडते. “या देशात लोकशाही जरा जास्तच झाली आहे. दहा वर्षे निवडणुका बंद ठेवा, एखादा खमक्या माणूस बसवा आणि बघा, सगळे कसे सुतासारखे सरळ येतात!” भांडवलदारांच्या मेजवानीत असे कोणी बोलले तर नवल नाही. परंतु नियमित वर्गणी भरणारा, संपात उतरलेला, साहेबाच्या चार्जशीटला न घाबरणारा आपलाच माणूस जेव्हा हे बोलतो, तेव्हा त्याला दटावून गप्प बसविणे योग्य होणार नाही. त्याचा संताप खरा आहे. निवडणुकीत पैशाचा महापूर येतो हे तो पाहतो. निवडून गेलेला प्रतिनिधी पाच वर्षे तोंड दाखवीत नाही आणि पक्ष बदलताना मतदाराला विचारीत नाही, हेही तो पाहतो. तेव्हा रोग खरा आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ. प्रश्न आहे तो औषधाचा. हा आजार लोकशाही जास्त झाल्याने जडला, की कमी पडल्याने?

हा प्रश्न काही आपल्या टपरीवरच निघालेला नाही. १९७५ मध्ये अमेरिका, युरोप आणि जपानमधील बड्या मंडळींच्या ‘त्रिपक्षीय आयोगा’साठी तीन विद्वानांनी एक अहवाल लिहिला. लोकांच्या मागण्या फार वाढल्या आहेत, सरकारांना राज्य करणे कठीण झाले आहे, असा त्याचा सूर होता. अमेरिकेपुरते लिहिणाऱ्या हंटिंग्टन यांनी तर लोकशाहीचा अतिरेक हेच दुखणे ठरविले. त्याच वर्षी जून महिन्यात आपल्याकडे आणीबाणी आली. तिच्याकडे पुढे वळू. त्याआधी वाचकांनी आमच्याबरोबर तंजावूरला यावे, अशी विनंती आहे. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिथे हजार वर्षांच्या अंतराने दगडात आणि राखेत लिहून ठेवलेल्या आहेत.

तंजावूर म्हटले की मराठी माणसाची छाती फुगते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. आज दक्षिण रेल्वेच्या तिरुच्चिरापल्ली विभागातील या स्टेशनावर उतरून बृहदीश्वराच्या मंदिरात गेले, तर तिथल्या भिंतीवर चक्क मराठीत कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास पाहायला मिळतो. तो लेख १८०३ सालचा. त्याच मंदिराच्या भिंतींवर त्याहून आठशे वर्षे जुने तमिळ लेख आहेत. राजराज चोळाने हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण केले आणि त्याचा हिशेब दगडावर कोरून ठेवला. कोणी किती दिवे दिले, तुपासाठी किती मेंढ्या दिल्या, कोणत्या गावचे किती भात मंदिराला यायचे, हे सर्व त्यात आहे. मंदिराच्या सेवेतील सुमारे ४०० नर्तकींची नावे त्यांच्या घरांच्या क्रमांकासह आहेत. हिशेबनीस, सुतार, परीट, न्हावी, छत्री धरणारे, अशा साऱ्या नोकरवर्गाचा वाटा ठरवून दिलेला आहे. आपल्या आस्थापना विभागाने हेवा करावा असे ते दप्तर आहे!

परंतु एक गोष्ट त्या भिंतीवर कुठेही सापडणार नाही. वाटा कमी पडला तर त्या परटाने वा न्हाव्याने राजाला जाब कसा विचारायचा, हे तिथे लिहिलेले नाही. हिशेब वाचता येणे वेगळे आणि हिशेब विचारता येणे वेगळे. आमच्या मते लोकशाहीचा सारा अर्थ या दोन गोष्टींमधल्या फरकात आहे. मतपेटी हे तिचे एक साधन झाले. सत्ता ज्याच्या हाती आहे त्याला हिशेब विचारण्याचा आणि तो देत नसेल तर त्याला बाजूला करण्याचा हक्क, म्हणजे लोकशाही. तेव्हा “लोकशाही कमी करा” याचा सरळ मराठीत अर्थ “हिशेब विचारणारी माणसे कमी करा” असाच होतो.

यावर कोणी म्हणेल, राजा चांगला असेल तर हिशेब विचारण्याची गरजच काय? चांगल्या राजाचेच उदाहरण घेऊ. तंजावूरचे सरफोजीराजे दुसरे हे १७९८ पासून १८३२ पर्यंत गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढविले, औषधांचा अभ्यास करविला, छापखाना काढला. त्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मुंबई-पुण्यात मराठी पुस्तकछपाई सुरू झाली नव्हती, त्या वेळची ही गोष्ट. असा विद्याप्रेमी राजा विरळाच. परंतु १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला, तेव्हा कावेरीकाठच्या एकाही कुळाला कोणी विचारले नाही. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्र नसताना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा करून टाकले, तेव्हाही कोणी विचारले नाही. प्रजेचे सोडा, राणी कामाक्षीबाईंनी आपल्या मालमत्तेसाठी न्याय मागितला, तर १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उत्तर दिले की, हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, त्याचा जाब न्यायालयात विचारता येत नाही. चांगल्या राजाच्या काळात ज्यांना प्रश्न विचारायची सवय लागली नाही, त्यांना वाईट काळ आल्यावर तो विचारता आला नाही. चांगला मालक मिळणे हे दैव असते. दैवावर कामगारांनी आपली भाकरी ठेवू नये.

याच चोळांच्या राज्यात हिशेब विचारण्याचा एक प्रयोगही झाला होता. तंजावूर राजधानी असताना, परांतक चोळाच्या काळात, कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूर गावच्या सभेने ९१९ आणि ९२१ साली आपले नियम मंदिराच्या भिंतीवर कोरले. गावाचे ३० वॉर्ड होते. प्रत्येक वॉर्डातून योग्य माणसांची नावे ताडपत्रांवर लिहायची, ती घागरीत टाकायची आणि एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढवायची. वय ३५ ते ७० च्या दरम्यान हवे. मागच्या तीन वर्षांत पद भोगलेल्याला पुन्हा संधी नाही. आणि सर्वांत कडक नियम असा की, ज्याने पूर्वी पदावर असताना हिशेब दिला नाही तो बाद, एवढेच नव्हे तर त्याचे नातेवाईकही बाद! हा नियम आज लागू केला तर किती सभागृहे ओस पडतील आणि किती संघटनांच्या कार्यालयांना कुलूप लागेल, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या परीने करावा.

हल्ली या शिलालेखाचा अभिमानाने उल्लेख होतो आणि तो व्हायलाही हवा. परंतु अर्धी गोष्ट सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे नाही. ती सभा ब्राह्मणांची होती. उमेदवाराकडे करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवे, वेदांचे ज्ञान हवे. त्या जमिनीत चिखल तुडवून भात पिकविणाऱ्याचे नाव त्या घागरीत कधी पडले नाही, स्त्रीचेही पडले नाही. हिशेब विचारण्याची पद्धत उत्तम होती, पण विचारण्याचा हक्क मूठभरांना होता. ज्यांना तो नव्हता, त्यांच्या वंशजांचे काय झाले, हे पाहायचे तर त्याच कावेरीच्या खोऱ्यात हजार वर्षे पुढे यावे लागते.

१८६१-६२ मध्ये नागपट्टिणमहून तंजावूरमार्गे तिरुच्चिरापल्लीपर्यंत रेल्वे आली आणि तिच्याबरोबर नव्या प्रकारचा माणूस या मुलुखात आला. तो पगारी होता, कारखान्यात काम करीत होता आणि प्रश्न विचारीत होता. साउथ इंडियन रेल्वेने कारखाने गोल्डन रॉकला एकवटताना कामगारकपात काढली, तेव्हा जुलै १९२८ मध्ये कामगारांनी संप केला. तो चिरडला गेला, पुढाऱ्यांवर कटाचे खटले झाले, सिंगारवेलूंसारख्या वृद्ध नेत्याला शिक्षा झाली. ५ सप्टेंबर १९४६ रोजी त्याच गोल्डन रॉकला गोळीबारात पाच रेल्वे कामगार मारले गेले. पण रूळ जिथे संपत, तिथे शेतात राबणाऱ्याची स्थिती याहून भयंकर होती. १९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव यांच्यासारखे कार्यकर्ते तंजावूरच्या खेड्यांत गेले, तेव्हा दलित शेतमजुराला चाबकाने मारण्याची आणि शेणाचे पाणी पाजण्याची शिक्षा जमीनदार सर्रास देत होते. तिथल्या शेतमजूर संघटनेची पहिली मागणी मजुरीवाढीबरोबर हीही होती, की चाबूक आणि शेणपाणी बंद करा.

पुढे स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. १९६७ पर्यंत चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्या वर्षी मद्रास राज्यात सत्तांतरही झाले. म्हणजे लोकशाही होती. आणि तरी २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातील कीळवेण्मणी या गावी ४४ दलितांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. अपराध कोणता? कापणीच्या मजुरीत अर्धे माप भात अधिक मागितले, आणि जमीनदारांनी सांगूनही लाल बावटा खाली उतरविला नाही. खालच्या न्यायालयात जमीनदारांना शिक्षा झाली. उच्च न्यायालयात ते सुटले. एवढे श्रीमंत, घरंदाज लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील हे संभवत नाही, असा विचार तिथे झाला! हा जिल्हा पुढे विभागला गेला आणि ते गाव आता नागपट्टिणम जिल्ह्यात आहे. दरवर्षी २५ डिसेंबरला तिथे कामगार-शेतमजूर जमतात.

साथींनो, आता त्या टपरीवरच्या प्रश्नाचे उत्तर द्या. वेण्मणीला लोकशाही जास्त झाली होती काय? त्या मजुराला मतदान केंद्रात मत होते. पण शेताच्या बांधावर त्याला तोंड नव्हते. ज्या दिवशी त्याने बांधावर तोंड उघडले, त्या दिवशी त्याचे घर जाळले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हाच धोका सांगून ठेवला होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असे दुटप्पी जगणे फार काळ चालले तर ज्यांना ती विषमता सोसावी लागते तेच ही लोकशाही उधळून लावतील, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. लोकशाही जास्त झालेली नाही. ती मतदान केंद्राच्या दारात अडकून राहिली आहे. शेतात, कारखान्यात, यार्डात, पोस्टाच्या काउंटरमागे तिला अजून पुरता प्रवेश मिळालेला नाही.

आता आणीबाणीकडे वळू, कारण “आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या” हे पालुपद रेल्वे कामगारालाच सर्वांत जास्त ऐकावे लागते. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांनी वीस दिवस संप केला. बोनस ही त्यातली प्रमुख मागणी होती. हजारो तुरुंगात गेले, हजारो नोकरीला मुकले, क्वार्टरमधून बायकामुलांसह बाहेर काढले गेले. वर्षभरात आणीबाणी आली. लोकशाही कमी झाली. मग कामगाराला काय मिळाले? सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि कारखान्यांतील किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्या. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. कामाक्षीबाईंना १८५९ मध्ये जे उत्तर मिळाले, त्याच जातीचे उत्तर स्वतंत्र भारताच्या नागरिकाला मिळाले. तो निकाल चुकीचा होता हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मान्य करायला २०१७ साल उजाडले.

आणि पुढे काय झाले? १९७७ मध्ये लोकांनी मत देऊन सरकार बदलले. राजापूरहून निवडून गेलेले आपले प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात बडतर्फ झालेल्यांना कामावर परत घेतले गेले. ८.३३ टक्के बोनस पुन्हा आला. १९७९ मध्ये रेल्वे कामगाराला उत्पादकतेशी निगडित बोनस लागू झाला. लाठी, तुरुंग आणि वटहुकूम यांनी जे हिरावले, ते मतपेटीने आणि संघटनेने मिळून परत आणले. गाड्या वेळेवर कोणाच्या धाकाने धावल्या, याची चर्चा ज्यांना करायची त्यांनी करावी. गाडी हाकणाऱ्याने मात्र आपल्या घरात तेव्हा काय शिजले, ते विसरू नये.

यावर एक प्रामाणिक आक्षेप असा घेतला जातो की, प्रत्येक गोष्टीला मतदान घेत बसलो तर काम कधी होणार? सिग्नल लाल आहे की हिरवा, हे काय बहुमताने ठरवायचे? मुळीच नाही. सिग्नल पाळायचाच असतो. परंतु सिग्नल पाळणाऱ्या ड्रायव्हरने सलग किती तास डोळे ताणून बसायचे, गँगमध्ये माणसे किती हवीत, एका पोस्टमनच्या बीटमध्ये किती घरे असावीत, ग्रामीण डाक सेवकाला पूर्ण कर्मचाऱ्याचा दर्जा का मिळू नये, हे काही सिग्नलसारखे तांत्रिक प्रश्न नाहीत. १९७३ मध्ये लोको रनिंग कामगारांनी दहा तासांची ड्यूटी मागितली, ती काही इंजिनिअरिंगची शंका नव्हती. ज्याच्या अंगावर निर्णय येऊन पडतो, त्याला निर्णय घेताना विचारलेच पाहिजे, एवढीच ती मागणी होती. आणि बहुतेक अपघातांच्या चौकशीत शेवटी चार्जशीट कोणाच्या हाती पडते, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

न विचारता काय होते, याचे ताजे उदाहरण प्रत्येकाच्या पगारपत्रकावर आहे. २२ डिसेंबर २००३ रोजी एक अधिसूचना निघाली आणि १ जानेवारी २००४ पासून लागणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याची, सैन्यदले वगळता, जुनी पेन्शन गेली. त्याविषयीचा कायदा संसदेने केला तो २०१३ मध्ये. आधी निर्णय, दहा वर्षांनी कायदा! राज्याराज्यांच्या निवडणुकांत पेन्शन हा विषय झाला, कर्मचारी रस्त्यावर आले, तेव्हा कुठे ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारला एकत्रित पेन्शन योजना जाहीर करावी लागली. ती पुरेशी नाही, हे आम्ही जाणतो. पण जे काही हलले, ते हिशेब विचारल्यामुळे हलले. चार कामगार संहितांचेही तेच. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय भारतीय श्रम परिषद २०१५ नंतर पुढची पाच वर्षे भरलीच नाही, आणि २०२० मध्ये विरोधी बाके रिकामी असताना तीन संहिता मंजूर झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू झाल्या.

गावचा कारभार पाहा. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून सांगत आहे. परंतु तमिळनाडूत ऑक्टोबर २०१६ मध्ये मुदत संपलेल्या तंजावूरच्या ग्रामपंचायतींना डिसेंबर २०१९ पर्यंत आणि शहराला फेब्रुवारी २०२२ पर्यंत थांबावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये पंचायतींची मुदत संपली आणि पुन्हा विशेष अधिकारी बसले. आपण तमिळ बांधवांना हसू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत प्रशासक होता. लोकशाही कमी करून पाहण्याचा प्रयोग झालाच की! गटारे तुंबायची थांबली काय?

इथवर आपण दुसऱ्यांना बोल लावला. आता आरसा आपल्याकडे फिरवू. रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान प्रथम २००७ मध्ये झाले, नंतर २०१३ मध्ये, आणि त्यानंतर थेट डिसेंबर २०२४ मध्ये. दोन मतदानांत अकरा वर्षांचे अंतर पडले. त्या अकरा वर्षांत आपल्या शाखांच्या किती सर्वसाधारण सभा झाल्या? वर्गणीचा जमाखर्च किती ठिकाणी फलकावर लागला? कितीजण वीस-वीस वर्षे त्याच खुर्चीवर आहेत? पोस्टात मान्यता पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर ठरते. महिन्याला पैसे कापले जातात म्हणून सभासद आणि सभासद आहेत म्हणून मान्यता, एवढ्यावर समाधान मानणारी शाखा ही जिवंत शाखा नव्हे. कंत्राटी सफाई कामगाराला, ग्रामीण डाक सेवकाला, महिला कर्मचाऱ्याला आपल्या सभेत बोलण्याची संधी किती मिळते? का त्यांचे नाव आजही घागरीबाहेरच आहे? सरकारने आपल्याला न विचारता निर्णय घेतला म्हणून घोषणा देणाऱ्या पुढाऱ्याने सभासदांना न विचारता संप मागे घेतला, तर त्या घोषणेत बळ कुठून येणार?

म्हणून आमचे मत स्वच्छ आहे. आजच्या समाजाला लोकशाही अधिक हवी आहे, आणि ती आपल्यापासून सुरू व्हायला हवी. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने सर्वसाधारण सभा बोलवावी. मागील वर्षाचा जमाखर्च लिहून फलकावर लावावा. तो नुसता वाचून दाखवू नये, त्यावर प्रश्न घ्यावेत, आणि सर्वांत शेवटच्या बाकावर बसलेल्या कनिष्ठ साथीचा प्रश्न सर्वांत आधी घ्यावा. तंजावूरच्या भिंतीवर हिशेब होता, विचारणारा नव्हता. वेण्मणीत विचारणारे होते, त्यांना जाळले गेले. आपल्याजवळ आज हिशेब मागण्याचा हक्कही आहे आणि संघटनाही आहे. तो हक्क जो वापरीत नाही, त्याच्याकडून तो काढून घ्यायला कोणाला आणीबाणीची गरज पडणार नाही.